चुका

फर्गसच्या खुर्चीला खळगा पडला होता.
एका दिवसात नव्हे; दगडी पायरीला पडतो तसा,
रोज तेच पाऊल तिथेच पडून.

बसला की गुडघे छातीला लागायचे
आणि उठायचं म्हटलं की मला हाक.
मी स्वयंपाकघरातून हात पुसत यायची,
दोन्ही हात पुढे करायची.
एक, दोन, तीन.
तीनला तो वर यायचा,
आणि क्षणभर आम्ही नाकासमोर नाक
नाचातली पुढची पावलं विसरल्यासारखे
उभे.

जानेवारीत माझा खांदा धरला.
डॉक्टरीण म्हणाली, माणसं उचलणं बंद.
मी म्हटलं, माणसं नाही हो, एकच आहे.

तारिकच्या दुकानात फोमच्या थप्प्या छतापर्यंत.
त्याने विचारलं, कोण बसणार? वजन किती?
रोज किती तास?
पहिल्या दोन्हींची उत्तरं दिली.
तिसऱ्याला म्हटलं, वारा असेल तर दिवसभर.
तो हसला. डंडीतच वाढलेला. त्याने कडक फोम दिला.

खुर्ची उलटी केली तेव्हा फर्गस बाहेर जाऊन उभा राहिला,
दवाखान्यात राहतात तसा.
एकशे चौदा चुका मी मोजून काढल्या.
काही सरळ निघाल्या.
काहींची डोकी तुटली, धड आतच राहिलं;
त्या हातोडीने आणखी आत बसवल्या.
इतक्या वर्षांच्या संसारात
दुसरं काय करतात?

आतले तागाचे पट्टे लोंबत होते.
आईच्या गिरणीतले असतील, असं मी ठरवून टाकलं;
विचारायला आता गिरणी नाही, आई नाही.
मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले होते.
तिथल्या बायका ओठांनी आणि बोटांनी बोलत,
आणि आई घरीही तशीच.
दोन बोटं ओठांना लावली की: जेवलीस?
लग्नाआधी फर्गस तिच्याकडून हे शिकला,
मला भेटायला येण्याचं निमित्त म्हणून.

नवे पट्टे ताणले. टिचकी मारली की
डफासारखे वाजले पाहिजेत; तिसऱ्यांदा वाजले.
स्प्रिंगा सुतळीने एकमेकींना बांधल्या,
एकीवर भार आला तर शेजारणीला कळावं म्हणून.
फोम कापला नाताळातल्या टर्कीच्या विजेच्या सुरीने.
वर कापसाची पातळ दुलई,
नाहीतर कडा टोचतात नजरेला.
हिरवी कॉर्डरॉय तीच, धुऊन.
आता ती बसेना.
दोन बाजूंनी ओढून, गुडघा रोवून, शिव्या देऊन
शेवटी चढवली.

जुना फोम पिवळा, कडेला भुगा होत चाललेला.
मधोमध फर्गस, जसाच्या तसा, डाव्या कुशीला किंचित कललेला.
मी त्यात तळहात ठेवला. गार होता.
कचऱ्याच्या डब्यापाशी नेला तेव्हा
पालथा ठेवला.
लोकांनी कशाला बघायचं?

तो बसला. "उंच झाली," म्हणाला.
पाहुणा बसतो तसा कडेवर.
तारिकचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला.
मी बटाटे ठेवायला आत गेले.

मग कधीतरी खुर्ची करकरली.
मी हात पुसत बाहेर आले,
सवयीने दोन्ही हात पुढे.

खुर्ची रिकामी.
फर्गस खिडकीपाशी एकटा उभा,
टेवरच्या पुलावरून जाणारी गाडी बघत.
हाक आलीच नव्हती.

माझे हात तसेच हवेत.
त्याने वळून पाहिलं त्यांच्याकडे, मग माझ्याकडे,
आणि खोलीच्या त्या टोकाहून
दोन बोटं ओठांना लावली.

मी मान हलवली: अजून नाही.

आतून बटाटे करपल्याचा वास येत होता.
दोघांपैकी कोणीच हललं नाही.